नंदुरबारच्या डोक्यावरची दीर्घिका

शुक्रवार : धुळे – चाळीसगाव – पाटणादेवी

गॅमा किरण स्फोटांच्या, म्हणजे आकाशात कुठेही अचानक उसळून विझणाऱ्या गॅमा किरणांच्या लोटांच्या मागे धावणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना सुट्टी घेणं जड जातं. उपग्रहाचा निरोप मोबाइलवर कधी येईल याचा नेम नाही. रात्री दोनला उठून दुर्बिणीवाल्यांना फोन लावत बसायचं. माझं तसं नाही. स्फोट विझला, मागे रेंगाळलेला उजेडही मावळला, की माझं काम सुरू होतं. तो ज्या दीर्घिकेत (गॅलेक्सीत) झाला तिचा वर्णपट घ्यायचा, म्हणजे तिचा प्रकाश रंगारंगांत पसरवून टिपायचा, आणि ती किती लांब, केवढी, कशाची बनलेली ते काढायचं. दीर्घिका कुठे पळून जात नाही. त्यामुळे पौषातल्या अमावस्येला जोडून रजा टाकली आणि पुण्याहून धुळ्याला मामाकडे आले.

बेत मामेभावाचा. दादा शिरपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आठ इंची दुर्बीण त्याच्याकडे पूर्वीपासून आहे; हल्ली पैसे साठवून त्याने वर्णपट टिपणारा फटीचा एक छोटा स्पेक्ट्रोग्राफ घेतलाय. तो तोरणमाळच्या पठारावर नेऊन चालवायचा. माघातली अमावस्या नको, कारण महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते आणि घाटात गाडीला गाडी लागते. पौषात थंडी कडाक्याची, पण पठार मोकळं. सोबत दादाची मुलगी, नववीतली. सोमवारची शाळा बुडणार म्हणून वहिनींनी तोंड वाकडं केलं, पण डबा भरपूर दिला.

तोरणमाळ उत्तरेला आणि आम्ही निघालो दक्षिणेला, कारण भाचीला भास्कराचार्यांचा शिलालेख दाखवायचं मी कबूल करून बसले होते. चाळीसगाव सोडलं की रस्ता सातमाळ्याच्या डोंगरांकडे सरकतो, दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, मधूनच उसाचा हिरवा तुकडा. मग गौताळा अभयारण्याची हद्द, सागाची पानगळ, आणि तीन बाजूंनी डोंगर अंगावर आलेले असताना मध्ये चंडिकेचं ते दगडी देऊळ.

शिलालेख चांगदेवाचा, भास्कराचार्यांच्या नातवाचा. चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ, त्यातही सिद्धान्तशिरोमणी, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ साली त्या मठाला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्य जन्मले ते गाव हेच का, यावर पंडितांचे वाद आहेत. बीडवाले आपलं म्हणतात, विजापूरवाले आपलं. मला त्या वादात पडायचं नाही. नातवाने मठ इथे काढला एवढं दगडात कोरलेलं आहे आणि मला ते पुरतं.

लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा जुनी मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि गावात चालणाऱ्या दर घाण्यामागे पळीभर तेल. हे मी भाचीला वाचून दाखवलं तेव्हा दादा हसून म्हणाला, "म्हणजे रिसर्च ग्रँट!" अगदी तेच. दुर्बिणीची एक रात्र मिळवायला मी जे अर्ज लिहिते त्यात ग्रहगोलांपेक्षा हिशेबच जास्त असतो, त्यामुळे तेलाच्या पळीवर चालणारा ज्योतिषाचा मठ मला फारच जवळचा वाटला. कुणी, किती आणि कशातून द्यायचं हे लोकांना समजेल अशा भाषेत लिहून ठेवण्याची अक्कल आमच्या खात्यांना अजून यायची आहे.

परतताना भाचीने प्रश्न टाकला.

"आत्या, तू स्फोट बघतच नाहीस, तर तो कोणत्या दीर्घिकेत झाला ते तुला कसं कळतं?"

तिला म्हटलं, दिवाळीत रात्री गल्लीत कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजतो. आवाजावरून दिशा कळते, अंगण कळत नाही. धावत बाहेर आलीस तर एखाद्या दारात धूर दिसतो आणि घर सापडतं. उशीर केलास तर धूरही नाही. गॅमा किरण स्फोटांच्या बाबतीत तब्बल तीस वर्षं आम्ही नुसता आवाज ऐकत होतो.

अणुचाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकेने सोडलेल्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी पहिला असा स्फोट टिपला. जगाला ते कळलं १९७३ मध्ये. पुढे कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी या उपकरणाने १९९१ पासून नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले. आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती. म्हणजे बहुधा फार लांबचे. पण किती लांबचे, ते सांगता येईना, कारण गॅमा किरणांवरून नेमकी जागा मिळेना. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहाला एका स्फोटामागे रेंगाळणारा क्ष-किरणांचा उजेड सापडला, आणि त्याच जागी दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींना मावळत जाणारा ठिपका दिसला. धूर दिसला एकदाचा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसऱ्या एका स्फोटाच्या ठिपक्याचा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला. त्यात वायूतल्या लोह आणि मॅग्नेशियमने प्रकाश शोषून उमटवलेल्या रेषा होत्या, पण जागेवरून लालकडे सरकलेल्या. हे सरकणं मूळ तरंगलांबीच्या ०.८३५ पट; या आकड्याला रेडशिफ्ट म्हणतात, आणि तो जितका मोठा तितकी वस्तू लांब. प्रकाश सुमारे सातशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला.

"पण तो वायू वाटेतल्या दुसऱ्याच दीर्घिकेतला असेल तर?" भाची म्हणाली.

दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बरोबर मुद्दा होता. शोषणाच्या रेषा एवढंच सांगतात की स्फोट किमान इतका लांब आहे. ठिपका पार विझल्यावर त्या जागी उरलेल्या अंधुक दीर्घिकेचा वर्णपट पुढे घेतला गेला, तिच्या स्वतःच्या वायूच्या चमकत्या रेषा त्याच रेडशिफ्टला मिळाल्या, तेव्हा घर पक्कं झालं. माझी नोकरी या दुसऱ्या भागातली.

शनिवार : धुळे – शहादा

सकाळ मामांच्या अंगणात गेली. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. स्पेक्ट्रोग्राफची पेटी मी ओट्यावर उघडत होते तर मामा म्हणाले, "आधी जेवी ले, मंग तुनी दुर्बीन." जेवले. मग दुपारपर्यंत कुणी काही उघडलं नाही.

सोनगीर, दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल. दत्तजयंतीची यात्रा उलगडून गेलेली, घोड्यांचा बाजार उठलेला. शहाद्याला वहिनींच्या माहेरी मुक्काम.

रात्री गच्चीवर दुर्बीण लावली ती उपकरणाची चाचणी म्हणून. आकाशाकडे वळण्याआधी दादाने फट समोरच्या रस्त्यावर रोखली आणि दिव्यांचेच वर्णपट घेतले. एलईडीचा निळा उंचवटा आणि त्याला लागून पिवळ्या-केशरी रंगाची लांबलचक टेकडी. जुन्या सोडियमच्या दिव्याची ५८९० अँगस्ट्रॉमजवळची रुंद पट्टी (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक, पुढचे आकडेही त्यातच). एका दुकानाच्या सीएफएलमध्ये पाऱ्याच्या रेषा टोकदार: ४३५८, ५४६१, आणि ५७९० च्या आसपास एक फिकट जोडी. ही शेवटची जोडी मी भाचीला वहीत उतरवून घ्यायला सांगितली. "उद्या लागेल."

शेजारच्या गच्चीवरून एका बाबांनी विचारलं, "काय दखाई राहिनं?" दादा म्हणाला, "बाबा, आपल्या गावचे दिवे." त्यांना ते पटलं नाही. दुर्बीण घेऊन रस्त्यावरचा दिवा कोण बघतं!

रविवार : तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावदमार्गे डोंगराकडे निघालं की केळी, पपई आणि ऊस मागे पडतात आणि सातपुडा समोर उभा राहतो. सातपायरी घाटाची वळणं चढताना दादाचं लक्ष रस्त्यापेक्षा मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेल्या दुर्बिणीकडे. दुपारी वर पोचलो. यशवंत तलावाच्या काठावर बरीच मंडळी डबे उघडून बसली होती, आम्हीही बसलो. सीताखाईच्या कड्यावरून खाली पाहिलं, भाचीने फोटो काढले, पर्यटन झालं.

खरा प्रश्न जागेचा. तळ्याकाठी रात्री दव धरतं. मुक्कामाच्या जागेवर गेटापाशी एक एलईडी फ्लडलाइट, आणि तो बंद करायची परवानगी कुणाकडे आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी गावाबाहेर एका पावरा शेतकऱ्याने कापणी झालेल्या आपल्या वावरात जागा दिली. "सर, रात्रीचं काय मोजणार इथं?" दादाने मृगाकडे बोट दाखवून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेकोटी स्वतःहून घरामागे हलवली. एवढी समज मला मोठमोठ्या हॉटेलांत मिळालेली नाही.

मांडणीत तासभर गेला. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम बावीस अंशांवर, झाडांच्या शेंड्याला टेकलेला. अक्ष त्याच्याकडे लावला, इन्व्हर्टरची बॅटरी जोडली, लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटिन चिकटवलं. मग निऑनचा दिवा फटीसमोर धरून त्याच्या रेषा टिपल्या. कोणत्या पिक्सेलवर कोणती तरंगलांबी पडते ते या रेषांवरून ठरतं. हे केलं नाही तर पुढचं सगळं नुसतं रंगीत चित्र.

आधी व्याध घेतला. हायड्रोजनच्या शोषणरेषा इतक्या ठसठशीत की भाचीला वाटलं कॅमेऱ्यावर केस पडलाय. मग काक्षी; त्या तांबड्या ताऱ्याच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे एकामागून एक, जिन्यासारखे नाहीत, करवतीसारखे. थंडी आता बोटांत शिरायला लागली होती.

सव्वादहाच्या सुमारास मृगातला तेजोमेघ मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या त्याच्या सर्वांत उंच जागी आला. पाच मिनिटांचं एक्स्पोजर. पडदा उजळला तेव्हा दादा "ओहो" एवढंच म्हणाला.

फटीतून आलेलं ते चित्र नीट सांगते. आडवे दोन बारीक धागे. ते तेजोमेघाच्या पोटातल्या तरुण ताऱ्यांचे, निळ्यापासून लालपर्यंत अखंड. आणि त्या धाग्यांना काटकोनात छेदणाऱ्या उभ्या काठ्या, फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कारण वायू सगळ्या फटीभर पसरलाय. हिरव्या भागात तीन काठ्या शेजारी शेजारी: ४८६१ ला हायड्रोजन, मग ४९५९ आणि ५००७ ला ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. ५००७ ची काठी भगभगीत, ४९५९ ची तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची. लाल बाजूला एकटी जाड ६५६३, हायड्रोजनची. आणखी एक फिकट काठी ५५७७ ला. ती मृगातली नव्हे, आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची. कितीही अंधाऱ्या जागी गेलं तरी ती असतेच.

ऑक्सिजनच्या त्या जोडीने एके काळी लोकांना चांगलंच छळलं. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये एका तेजोमेघात हिरव्या रेषा पाहिल्या. त्या पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य कल्पलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने उलगडा केला. हा साधा ऑक्सिजनच, फक्त प्रयोगशाळेत जमणार नाही इतका विरळ. अणूला धक्के बसण्याआधी निवांतपणे प्रकाश सोडायला वेळ मिळतो, म्हणून त्या रेषा. आणि दोन रेषांमधलं एकास तीन हे प्रमाण अणूच्या रचनेतूनच येतं. तो वायू कुठल्याही तेजोमेघातला असो, ते बदलत नाही.

हे सगळं होईपर्यंत बारा वाजले. मग मी माझा लॅपटॉप काढला.

त्यात जीआरबी ०३०३२९ या गॅमा किरण स्फोटाच्या यजमान दीर्घिकेचा, म्हणजे तो जिथे झाला तिचा वर्णपट होता, चिलीतल्या पारानल डोंगरावरच्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या दुर्बिणीने घेतलेला. युरोपीय वेधशाळेचा साठा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो. मी त्यातून काढून स्वच्छ करून ठेवला होता. स्वच्छ म्हणजे काय, तर वैश्विक किरणांचे ठिपके पुसायचे, आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करायचा, अनेक एक्स्पोजर एकावर एक ठेवायची. इतकं करूनही उरतं ते मृगासारखं देखणं नसतं. खालून वर हलणारा गोंगाट, आणि त्यातून उभी राहिलेली काही टोकं.

भाचीला रेषांचे आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, शोध. तिने मृगाचा आलेख वर ठेवला, दीर्घिकेचा खाली, आणि बराच वेळ सरकवत बसली. मग म्हणाली, "इथेपण एक मोठी, तिच्या डावीकडे तिची तिसऱ्या हिश्श्याची. पण नंबर वेगळे."

मोठीचा नंबर ५८५१. तिने मोबाइलवर भागाकार केला: ५८५१ भागिले ५००७, १.१६८६. हायड्रोजनची रेषा ५६८० ला. भागिले ४८६१, १.१६८५. तिसरी ५७९४, भागिले ४९५९, १.१६८४. सरासरी १.१६८५. तिने तिन्ही उत्तरं माझ्यासमोर धरली. सरासरीतून एक वजा केला की उरतो ०.१६८५; स्फोटानंतर व्हीएलटीवर काम करणाऱ्या मंडळींनी जाहीर केलेला रेडशिफ्ट हाच.

"आणि ५७९४ म्हणजे, आत्या, काल शहाद्याच्या दुकानातल्या ट्यूबची..."

हो. पाऱ्याच्या त्या जोडीच्या शेजारीच. शहाद्याच्या उजेडात कुणी ही दीर्घिका मोजायला बसलं, तर दोनशे कोटी वर्षं चालत आलेला ऑक्सिजन दुकानाच्या दिव्यात मिसळून जाईल. वेधशाळा वाळवंटात आणि बर्फाळ डोंगरावर का बांधतात, लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दुर्बीण का नेऊन बसवली, ते पोरीला यापुढे समजवावं लागणार नाही.

पण आपलं वातावरण वाळवंटातही पिच्छा सोडत नाही. हायड्रोजनची ६५६३ ची रेषा या दीर्घिकेत सरकून ७६६९ ला जाते, आणि नेमका तिथे हवेतल्या ऑक्सिजनचा शोषणपट्टा पसरलेला असतो, साधारण ७५९० पासून ७७०० पर्यंत. दीर्घिकेत तारे किती वेगाने जन्मतायत ते याच रेषेवरून मोजतात, आणि तिचाच काही भाग हवा खाऊन टाकते. मग शेजारच्या एखाद्या प्रमाण ताऱ्याचा वर्णपट घेऊन हवेने किती खाल्लं त्याचा हिशेब लावायचा. माझे कितीतरी आठवडे अशा हिशेबांत जातात आणि शोधनिबंधात त्याची एक ओळ होते.

दीडनंतर दुर्बीण मिटली. नळी ओली झाली होती. आम्ही मात्र थांबलो, कारण पुण्याहून निघण्याआधीच मला आकड्यांत एक मजा दिसली होती. २९ मार्च २००३ चा हा स्फोट सिंह राशीतला, क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, साडेएकवीस अंश उत्तर. शहाद्याचा अक्षांश साडेएकवीस, नंदुरबारचा त्याहून थोडा कमी. म्हणजे ही दीर्घिका रोज या जिल्ह्याच्या डोक्यावरून जाते, शब्दशः. तोरणमाळ थोडं उत्तरेला आहे, तरी फरक अर्ध्या अंशाच्या आसपास. जानेवारीत ती वेळ येते पहाटे साडेतीनच्या सुमारास.

साडेतीनला तिघंही सतरंजीवर उताणे पडलो. मघेच्या वर सिंहाच्या आयाळीतला तेजस्वी तारा, आणि शेपटीच्या बाजूला पूर्वा फाल्गुनीतला वरचा तारा. या दोघांच्या साधारण मध्यावर, किंचित उत्तरेला. तिथे काही दिसत नाही. दीर्घिकेची तेजाची प्रत सुमारे २२.७ (आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद), उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून जवळपास पन्नास लाख पट मंद. दादाच्या आठ इंचीचा तर प्रश्नच नाही. पण स्फोट झाला तेव्हा पहिल्या काही तासांत त्याचा उजेड बारा-तेरा प्रतीचा होता, म्हणजे अशाच एखाद्या दुर्बिणीला सहज दिसला असता. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी तो मोजलाही.

दादाला त्या स्फोटाचं महत्त्व माहीत होतं, भाचीसाठी मी पुन्हा सांगितलं. हेटे-२ उपग्रहाने तो पकडला. पहिले काही दिवस वर्णपट सपाट, रेषा नसलेला. मग आठवड्याभराने त्यातून रुंद उंचवटे डोकं वर काढायला लागले, आणि ते १९९८ मध्ये एका जवळच्या स्फोटाबरोबर दिसलेल्या सुपरनोव्हासारखे, म्हणजे मरताना फुटणाऱ्या ताऱ्यासारखे होते. त्या आधीच्या खेपेला पुष्कळांनी योगायोग म्हणून हात झटकले होते. आता ते जमेना. दीर्घ मुदतीचा गॅमा किरण स्फोट म्हणजे प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळणं, हे इथे पक्कं झालं. अपवाद नंतर सापडले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात ते बहुतेक क्षणार्धात संपणारे, आणि त्यांची घरं म्हाताऱ्या, तारे जन्मायचे थांबलेल्या दीर्घिकांतही असतात. १७ ऑगस्ट २०१७ ची गुरुत्वलहरींसह आलेली टक्कर तशाच एका दीर्घिकेतली.

भाची यातलं शेवटचं बहुतेक झोपेत ऐकत होती. तिला गाडीत टाकून आम्ही चहा केला.

सोमवार : तोरणमाळ – प्रकाशा – नंदुरबार

उशिरा उठलो. वावराच्या मालकांना मृगाचा फोटो मोबाइलवर दाखवला, "लाल आहे की हा!" म्हणाले, आणि आमच्या बॅटरीवर किती वेळ मोटर चालेल ते विचारलं. दादाने तो हिशेब फार मनापासून करून दिला.

घाट उतरून प्रकाशाला तापी आणि गोमाईच्या संगमावर थांबलो. घाटावर ऊन होतं, वारा नव्हता. मी पायरीवर लॅपटॉप उघडला, कारण रात्री एक गोष्ट राहून गेली होती. मृगाच्या ६५६३ च्या काठीला उजवीकडे बारीक फुगवटा दिसतो. तो ६५८४ ची नायट्रोजनची रेषा. दादाच्या उपकरणाला दोन्ही पुरत्या वेगळ्या करता येत नाहीत, पण फुगवटा नक्की आहे. माझ्या दीर्घिकेत त्या जागी नायट्रोजन गोंगाटातून वरच येत नाही.

"म्हणजे तिथे नायट्रोजनच नाही?"

कमी आहे. जड मूलद्रव्यं एकूणच कमी. ही बुटकी दीर्घिका आहे, तारे भराभर जन्माला घालणारी, पण आधीच्या पिढ्यांनी वायू फारसा समृद्ध न केलेली. दीर्घ स्फोटांची घरं बरेचदा अशीच निघतात. त्याचं एक कारण बहुतेकांना पटतं. ज्या भल्यामोठ्या ताऱ्यात लोहासारखी जड मूलद्रव्यं भरपूर, त्याचा प्रकाश त्या अणूंना ढकलून ताऱ्याचं बाहेरचं आवरण वाऱ्यासारखं उधळत राहतो. वस्तुमान जातं, त्याबरोबर फिरण्याचा जोरही जातो. जड मूलद्रव्यं कमी असली तर तारा आपली गिरकी मरेपर्यंत टिकवतो, आणि गाभ्याचं कृष्णविवर होताना त्यातून दोन झोत सुटायला ती गिरकी लागते. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट नोंदीतला सगळ्यांत तेजस्वी. काही महिन्यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने तिथे सुपरनोव्हा शोधला आणि घराचीही तपासणी केली. तिथेही जड मूलद्रव्यं कमीच.

तरी माझी एक कुरकुर आहे, आणि ती मी दादाजवळ मोकळेपणाने बोलले. आपण अख्ख्या दीर्घिकेचा वर्णपट घेतो आणि त्यावरून एका ताऱ्याबद्दल बोलतो. एवढ्या अंतरावर दीर्घिका फटीतल्या एका ठिपक्याएवढी. त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात स्फोट झाला आणि त्या कोपऱ्यातला वायू बाकीच्यासारखाच होता का, हे त्या ठिपक्यातून निघत नाही. १९९८ चा तो स्फोट जवळचा होता म्हणून त्याच्या दीर्घिकेचे भाग वेगळे वेगळे मोजता आले. तेव्हा दिसलं की तरुण, भारी ताऱ्यांचा सगळ्यांत झगझगीत पुंजका स्फोटाच्या जागेवर नव्हता, तिथून जवळपास अडीच हजार प्रकाशवर्षं लांब होता. सरासरीवर विसंबणाऱ्यांनी हे उशाशी ठेवून झोपावं.

नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत होती, एकरच्या एकर लाल. काचा वर केल्या तरी ठसका लागलाच. दादा गाडी थांबवून पाच किलो घेऊन आला आणि ते पोतं नेमकं स्पेक्ट्रोग्राफच्या पेटीशेजारी ठेवत होता. भाची ओरडली म्हणून डिकीत गेलं.

पुढचं गाडीतच ठरलं. आठ इंचीला जीआरबीचं घर दिसणार नाही, पण सप्तर्षीच्या बाजूची एम ८२ ही दीर्घिका दिसते: आठव्या प्रतीची, आणि तीही भराभर तारे जन्माला घालणारी. तिचा ६५६३ चा उंचवटा अर्ध्या-पाऊण तासाच्या एक्स्पोजरमध्ये यायला हवा. ती उत्तरेला बरीच खाली राहते, म्हणून मार्च-एप्रिलच्या अमावस्येला, ती मध्यमंडलावर असताना. जमलं तर दादाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यावर प्रकल्प करता येईल. उपकरणाची निळ्या-लालची संवेदनशीलता काढायला मघेचा तारा तिथे हाताशी आहेच. भाचीने दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर मागितल्या. वहिनींना शाळा बुडाल्याचा हिशेब द्यायला तीन भागाकार पुरतील का, याची तिला शंका होती. मी वहीत एक चौथं उदाहरण घालून दिलं, ३७२७ ला (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा) १.१६८५ ने गुणून ती कुठे पडते ते शोधायचं, आणि आलेखात ती आहे का ते बघायचं. दोंडाईच्यापर्यंत तिने ४३५५ काढलं होतं. तिथे एक टोक आहे.